दोन्या फ्लोरी बोलतेय

एवेलिओला खरं तर स्वतःच्या नावावर फोन घ्यायची काही हौस नव्हती. त्याला फक्त सासूच्या आवाजात बोलणं बंद करायचं होतं.

त्याचं असं झालं होतं. एवेलिओ निकाराग्वातून कोस्टा रिकात आला तेव्हा त्याच्याजवळ एक पिशवी, रोस्किया भाजायची कला आणि आईचा आशीर्वाद एवढंच होतं. (रोस्किया म्हणजे मक्याच्या पिठाची, चीज घातलेली कडक कडबोळी म्हणा.) कागदपत्रं नव्हती, आणि ज्याला कागद नाहीत त्याला फोन नाही. सिनियाशी लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने, म्हणजे दोन्या फ्लोरीने (दोन्या म्हणजे आपल्याकडचं 'बाई'), आपल्या नावावर एक नंबर घेतला आणि होणाऱ्या जावयाच्या हातावर ठेवला. "घे. पण लक्षात ठेव निका, लाइन माझी आहे." निका म्हणजे निकाराग्वाचा माणूस. पुढे एवेलिओचे कागद झाले, रहिवासी कार्ड झालं, घर झालं, घराच्या पुढच्या खोलीत भट्टी झाली. तो निकाचा निकाच राहिला आणि लाइन दोन्या फ्लोरीचीच राहिली. घरात भांडण होऊन त्याचा आवाज चढला, की ती शांतपणे म्हणायची, "माझ्या लाइनवर ओरडायचं नाही." मग तो फोनवर बोलत असो की नसो.

तेवढंही चाललं असतं. सासूचे टोमणे लग्नाबरोबर फुकटच येतात. पण फोनचं काही बिघडलं आणि कंपनीला विचारायची वेळ आली, की पलीकडची मुलगी म्हणायची, "मी फक्त लाइनच्या मालकिणीशीच बोलू शकते." आणि मालकीणबाई नेमक्या त्या वेळी बिंगो खेळायला गेलेल्या असायच्या. मग एवेलिओ घसा साफ करायचा, आवाज बारीक करायचा आणि म्हणायचा, "हां बाई, दोन्या फ्लोरी बोलतेय."

पहिल्या वेळी त्याला घाम फुटला होता. नंतर तो तयार झाला. सासूची जन्मतारीख, तिच्या आईचं माहेरचं आडनाव, तिच्या लहानपणच्या पोपटाचं नाव, सगळं त्याला तोंडपाठ झालं. (बायकोचा वाढदिवस तो विसरायचा. सासूचा कधी विसरला नाही.) होता होता सवय अशी जडली, की अनोळखी नंबर दिसला रे दिसला, की त्याच्या तोंडून आपोआप तोच बारीक आवाज निघायचा. त्याचं त्यालाही कळायचं नाही.

एका दुपारी असाच तो कंपनीच्या मुलीशी बोलत होता. ती म्हणाली, "दोन्या फ्लोरी, या वयात तुमचा आवाज किती गोड आहे हो!" एवेलिओ लाजला. खरोखर लाजला. "चल, काहीतरीच तुझं!" असं म्हणत त्याने एक मुरकाही मारला आणि वळून पाहिलं, तर दारात दोन्या फ्लोरी. हातात बिंगोची पिशवी.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मी अशी बोलते?"

त्याच संध्याकाळी एवेलिओने ठरवलं, की आता फोन आपल्या नावावर.

एका नव्या कंपनीने जाहिरात केली होती, नंबर तोच ठेवा, कंपनी बदला, सगळं दहा मिनिटांत. एवेलिओ आधी त्यांच्या दुकानात गेला. तिथल्या पोरीने त्याचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "परदेशी रहिवाशांचं आमच्याकडे नाही होत. ऑनलाइन करा." घरी येऊन त्याने सिनियाचा लॅपटॉप उघडला. तिथे लिहिलं होतं, 'परदेशी रहिवाशांनी कृपया दुकानात जावं.' तो परत दुकानात गेला. पोरगी म्हणाली, "तुम्ही पुन्हा आलात?" तो म्हणाला, "मला पाठवलंय." "कुणी?" "तुम्हीच." ती विचारात पडली आणि म्हणाली, "मग ऑनलाइनच करा."

सिनिया दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तोंड उघडून बसलेल्या माणसांची सवय असल्यामुळे तिला धीर भरपूर. संध्याकाळी तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. एवेलिओ शेजारी बसला. दोन्या फ्लोरी समोर मालिका बघत बसली, म्हणजे पाठ त्यांच्याकडे आणि कान इकडे.

"तुम्ही कोण आहात, असं विचारतंय," सिनिया म्हणाली. "तीनच पर्याय आहेत. नागरिक, पर्यटक, राजदूत."

"रहिवासी नाही?"

"नाही."

नागरिकच्या चौकटीत नऊ आकडे मावत होते. एवेलिओच्या कार्डावर बारा होते. त्याने शेवटचे तीन सोडून बघितले. पडदा हिरवा झाला आणि म्हणाला, 'स्वागत असो, श्रीयुत एर्मेनेहिल्दो!' सिनियाने घाईघाईने खिडकी बंद केली. कुठल्या तरी गावातला एक म्हातारा नऊ आकड्यांत सुखाने नांदत होता, त्याची झोपमोड कशाला?

मग पर्यटक. तिथे आकडे मावले. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि शेवटी एक चौकट आली, ती भरल्याशिवाय पुढे जाता येईना. 'देश सोडून जाण्याची तारीख.'

एवेलिओ त्या चौकटीकडे बघत राहिला. पुढच्या खोलीतली भट्टी त्याने स्वतःच्या हाताने बांधली होती, वीटन् वीट. फाटकाला हिरवा रंग दर नाताळला तोच लावायचा. नानदाइमेला, आपल्या गावी, तो अधूनमधून जायचा आणि तिथे आठवडा झाला की त्याला इथली कॉफी आठवायची. आपण कधी तरी जाणार आहोत, हे आपण ठरवायचं राहूनच गेलंय, किंवा न जायचं केव्हाच ठरलंय आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. पण हे चौकटीत लिहायची सोय नव्हती.

"टाक की तारीख," दोन्या फ्लोरी मालिकेवरची नजर न काढता म्हणाली. "मलाही कळू दे."

"आई!" सिनिया म्हणाली.

"अगं, तयारी करायला बरी."

राहता राहिला राजदूत. राजदूताला बारा आकडे चालत होते. राजदूताला तारीख विचारत नव्हते. राजदूताला काहीच विचारत नव्हते, फक्त चेहऱ्याचा एक फोटो मागितला. सिनियाने एवेलिओच्या भुवयांवरचं पीठ पुसलं, फोटो काढला, आणि पडदा म्हणाला, 'महामहिम एवेलिओ उर्तेचो सोमार्रिबा, आपले स्वागत असो.'

मालिकेतली नायिकासुद्धा नेमकी तेव्हाच गप्प झाली.

"हे गुन्हा वगैरे नाही ना?" एवेलिओने हळूच विचारलं.

"नऊ आकड्यांची चौकट त्यांनी केली, तू नाही," सिनिया म्हणाली. (ती रिसेप्शनवर उगीच नव्हती.)

'लहानपणीच्या जिवलग मित्राचं नाव' हा सुरक्षेचा प्रश्न झाला. मग पत्ता. रस्त्याचं नाव आणि घर नंबर बंधनकारक होते. आता त्यांच्या वस्तीत रस्त्याला नाव नाही आणि घराला नंबर नाही. तिथे पत्ता सांगतात तो खुणेने, आणि खूण जितकी जुनी तितका पत्ता खानदानी. एवेलिओने नावाच्या जागी शून्य, नंबराच्या जागी शून्य टाकलं आणि खाली अभिमानाने लिहिलं, 'जुन्या ग्वानाकास्तेच्या झाडापासून दोनशे मीटर दक्षिणेला, पंचाहत्तर पूर्वेला, हिरवं फाटक.'

"झाड!" दोन्या फ्लोरी आता वळलीच. "तू पाहिलंयस का ते झाड? तू यायच्या आधीच पडलं ते."

"तुम्हीही पत्ता असाच सांगता, दोन्या फ्लोरी."

"मी त्याच्या सावलीत बसलेय."

एवेलिओ पुढच्या चौकटीकडे वळला. संपर्कासाठी फोन नंबर विचारला होता, तिथे त्याने आपला नंबर टाकला. तोच, जो नव्या कंपनीकडे निघाला होता. मग दोन्या फ्लोरीची संमती मागणारा निरोप आला आणि तिने चष्मा लावून, दोनदा वाचून, एक उसासा टाकून 'हो' दाबलं. सिम घरपोच येणार होतं. माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यावा तो असा, दहा मिनिटांत आणि हसत हसत.

गुरुवारी जुनी लाइन बंद पडली. शुक्रवारी सिनियाच्या लॅपटॉपवर पत्र आलं. 'महामहिम, आमचा माणूस आपल्या भागात आला होता. जुने झाड सापडले नाही. रस्ता विचारण्यासाठी आपल्याला वारंवार फोन केला. आपण उचलला नाही.'

एवेलिओने ते पत्र वाचलं, मग हातातल्या मुक्या फोनकडे पाहिलं. त्या देशात सामान पोचवणारा प्रत्येक जण फोन करून रस्ता विचारतो, आणि हे तिथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. ज्या फोनवर तो विचारणार त्या फोनचा जीव त्याच्याच पिशवीत होता. हे मात्र एवेलिओच्या लक्षात आलं नव्हतं.

कंपनीच्या गप्पांच्या खिडकीत कामिला नावाची एक यंत्रबाई बसलेली असायची. सिनियाने तिला लिहिलं, 'संपर्काचा नंबर बदलायचा आहे.' कामिला म्हणाली, 'अवश्य! आपल्या सध्याच्या नंबरवर एक कोड पाठवला आहे. तो सांगा.' सिनियाने लिहिलं, 'सध्याचा नंबर बंद आहे.' कामिला म्हणाली, 'अरेरे! बंद नंबर सुरू करण्यासाठी आपले सिम फोनमध्ये घाला.' तळटीप अशी, की शनिवारी शेवटचा प्रयत्न होईल. नाही सापडलात तर सिम परत जाईल आणि नंबर दुसऱ्या कुणाला तरी दिला जाईल.

थट्टा संपली ती इथेच.

कारण तो नंबर आईचा होता. म्हणजे होता त्याचा, पण तो पाठ फक्त आईला. आईचा, म्हणजे पेत्रोनिलाबाईंचा, स्वतःचा फोन नव्हता. दर रविवारी नानदाइमेला मिस्सा संपली, की चर्चच्या पायरीवर जो ओळखीचा भेटेल त्याचा फोन त्या हक्काने मागून घेत, आकडे मोठ्याने म्हणत आणि एवेलिओशी बोलत. कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे स्वतः ओरडत आणि पलीकडचं निम्मं आपल्या मनाने ठरवत. उलट फोन करायची सोय नव्हती. एवेलिओने गेल्या रविवारचा नंबर सिनियाच्या फोनवरून लावून पाहिला. तो एका बस ड्रायव्हरचा निघाला. "कोण आई? मी आत्ता सरहद्दीवर आहे, साहेब. इथे पुष्कळ आया आहेत."

बरं, फोन लागला नाही तर आई आठवडाभर वाट बघेल असंही नव्हतं. मागे एकदा त्याचा फोन रोस्कियाच्या पिठात मळला गेला होता, तेव्हा दोन रविवार चुकले. आईने भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवला, हार घातला, मेणबत्ती लावली आणि शेजारणींना बोलावून मेलेल्या माणसासाठी करतात ती नऊ दिवसांची प्रार्थना सुरू केली. फोन दुरुस्त होऊन तो बोलला तेव्हा सहावा दिवस चालू होता. आई आनंदाने रडली, पण प्रार्थना तिने पुरी केली. अर्धवट सोडणं बरं नाही म्हणाली. एवेलिओ हा किस्सा हसत सांगायचा. पण त्या दिवसांत आई खरोखरच एका मेलेल्या मुलाची आई होती, हे आठवलं की त्याला हसू येत नसे. आणि नंबरच दुसऱ्याचा झाला तर? पायरीवर उभी राहून ती आकडे म्हणेल, आणि भलताच माणूस सांगेल, इथे कुणी एवेलिओ नाही.

शनिवारी सकाळी भट्टी न पेटवता तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. मोटारसायकल दिसली की आडवा यायचा. "माझं सिम आहे का?" एक पिझ्झावाला निघाला. एक गॅसच्या दुकानाचा निघाला. एक जण सासरी जेवायला चालला होता, त्याने नवा शर्ट दाखवून शपथ घेतली. दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं, की निकाचं डोकं फिरलंय आणि तो गाड्या अडवतोय.

कंपनीची बाई मात्र दुसऱ्या बाजूने आली. यामिलेथ तिचं नाव. पुढचं एवेलिओला मागाहून कळलं. तिने तिठ्यावर बसलेल्या तिघा म्हाताऱ्यांना विचारलं, जुनं झाड कुठे? एक म्हणाला, आता टायरचं दुकान आहे तिथे. दुसरा म्हणाला, छे, टायरच्या दुकानापर्यंत फक्त फांद्या यायच्या, खोड चर्चच्या अंगाला होतं. तिसरा म्हणाला, तुम्ही दोघं चिंचेबद्दल बोलताय. भांडण इतकं रंगलं, की यामिलेथने हळूच गाडी वळवली आणि औषधाच्या दुकानात शिरली.

"महामहिम एवेलिओ उर्तेचो सोमार्रिबा कुठे राहतात?"

औषधवाल्या लिग्याने चष्मा वर केला. "महामहिम? बाई, इथे कुणी राजदूत राहत नाही."

"नुसते एवेलिओ उर्तेचो?"

"नाही बुवा. वस्तीतला माणूस न् माणूस माझ्याकडे येतो. त्या नावाचं कुणी नाही."

(एवेलिओ त्या दुकानातून वर्षानुवर्षं भाजलेल्या हातांचं मलम नेत होता. दुकान त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. पण हाक मारली जायची ती 'ए निका' अशी.)

तेवढ्यात बाकावर रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी थांबलेली एक बाई उठली. ती दोन्या फ्लोरी होती.

"अगं लिग्या, निका गं! आमचा निका. त्याचंच नाव ते."

"अय्या!" लिग्या म्हणाली. "त्याला नाव आहे?"

लिग्याने हे अगदी निर्मळ मनाने विचारलं होतं. दोन्या फ्लोरीला मात्र ते कुठेतरी लागलं असावं, कारण ती लिग्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

यामिलेथचा फोन तोवर ऑफिसला लागलेला होता. पार्सल द्यायच्या आधी ऑफिस स्वतः मालकाशी बोलून खात्री करणार होतं, आणि हा शेवटचा प्रयत्न होता. "बोलवा त्यांना, पटकन. नाहीतर मी हे परत नेते."

"तो कुठेतरी गाड्या अडवतोय."

"मग मी काय करू, आजी?"

दोन्या फ्लोरीने एकदा दाराबाहेर पाहिलं. मग फोन हातात घेतला, हनुवटी छातीला टेकवली आणि पोटातून आवाज काढला. "बोला. एवेलिओ उर्तेचो बोलतोय."

यामिलेथने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

एवेलिओ धापा टाकत दुकानाच्या दाराशी पोचला तेव्हा हे चाललं होतं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की तुझ्या शोधात एक बाई आलीय. दारातच त्याने ऐकलं आणि त्याचे पाय तिथेच थांबले. आपली सासू आपली जन्मतारीख सांगत होती. न अडखळता. आपल्या आईचं पूर्ण नाव, पेत्रोनिला सोमार्रिबा. आपलं गाव, नानदाइमे. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि दोन्या फ्लोरी म्हणाली, "जिवलग मित्र? तिबुर्सियो. विहिरीत पडला होता तोच. मीच काढला त्याला."

तिबुर्सियोची गोष्ट एवेलिओ दर नाताळला दोन पेले झाले की सांगायचा. दर वेळी दोन्या फ्लोरी टीव्हीचा आवाज वाढवायची. आपलं कुणी ऐकत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. आणि ही बाई विहिरीसकट सगळं जपून ठेवून बसली होती.

"सुरक्षेसाठी आपलं पूर्ण नाव दोन वेळा म्हणा," फोनमधली मुलगी म्हणाली. दोन्या फ्लोरीने ते दोन वेळा म्हटलं, ठणठणीत, लग्नात पुरोहिताने पुकारावं तसं.

सही एवेलिओने केली. घरी जाताना त्याने तिची गोळ्यांची पिशवी आपल्या हातात घेतली.

"आभारी आहे, दोन्या फ्लोरी," तो म्हणाला.

"तुझ्यासारखं मुरके मारत नाही केलं," ती म्हणाली. "नीट केलं."

रविवारी सकाळी एवेलिओने सिम घातलं. फोनवर अक्षरं उमटली, लाइन सुरू करण्यासाठी अमुक नंबरवर बोलून आपल्या आवाजाची ओळख द्या. त्याने सिनियाच्या फोनवरून तो नंबर लावला आणि छाती फुगवून म्हणाला, "एवेलिओ उर्तेचो सोमार्रिबा."

"क्षमस्व," यंत्रबाई म्हणाली. "हा आवाज महामहिम एवेलिओ यांचा नाही."

सिनियाने कपाळावर हात मारला. "काल दोन वेळा नाव म्हणायला लावलं, ते कशाला होतं वाटलं तुला?"

एवेलिओने आवाज जाड करून पाहिला. 'क्षमस्व.' नाक दाबून पाहिलं. 'क्षमस्व.' शेवटी हताश होऊन त्याने आपला तो बारीक, तयार आवाज लावला. यंत्रबाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'क्षमस्व. कृपया घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा.'

नानदाइमेची मिस्सा एव्हाना आटोपत आली असणार. दोन्या फ्लोरी इथल्या चर्चमध्ये, नेहमीसारखी दुसऱ्या रांगेत. एवेलिओ दोन्ही फोन घेऊन पळाला. पायात घरातल्या सपाता. चर्चमध्ये सगळे गुडघ्यावर होते, म्हणून तोही गुडघ्यावरच रांगत दुसऱ्या रांगेपर्यंत गेला. लोकांना वाटलं नवस असेल.

"दोन्या फ्लोरी, तुमचा आवाज पाहिजे."

"आत्ता? देवासमोर?"

"आईचा फोन यायचाय."

दोन्या फ्लोरीने क्रूसाची खूण केली, देवाची परवानगी घेतली (निदान वर बघितलं तरी) आणि उठली. चर्चच्या पायरीवर उभं राहून, जाळीदार ओढणी सावरत, तिने पोटातून आवाज काढला, "एवेलिओ उर्तेचो सोमार्रिबा!" आत फादर प्रार्थनेत एकदम थांबले.

"स्वागत असो, महामहिम," यंत्रबाई म्हणाली.

एवेलिओच्या फोनवर एक रेघ उमटली. मग दुसरी. तो त्या रेघांकडे बघत असतानाच फोन वाजला. अनोळखी नंबर. त्याने घाईघाईने बटण दाबलं आणि इतक्या वर्षांची सवय त्याच्या आधी तोंडातून बाहेर पडली.

"दोन्या फ्लोरी बोलतेय."

"दोन्या फ्लोरी!" आई ओरडली. फोन कानाला लावायची गरजच नव्हती, पायरीवर सगळं ऐकू येत होतं. "देव तुमचं भलं करो हो. मघाशी लावला तर लागेना. मी मेणबत्ती काढूनच ठेवलीय. पोर बरं आहे ना माझं?"

एवेलिओने तोंड उघडलं. आई, मीच आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण आईला कधी मध्ये थांबता यायचं नाही.

"एक विचारू का बाई? कधीचं मनात आहे. तो मला सगळं चांगलंच सांगतो, म्हणून मी त्याचं काही धरत नाही. तुम्ही खरं सांगा. तिथे लोक त्याला नावाने हाक मारतात ना? दुसऱ्या देशात माणसाचं नाव हरवतं म्हणतात. मी फार विचार करून ठेवलं होतं हो ते नाव."

पायरीवर ऊन पडलं होतं. एवेलिओ खाली बघत राहिला. दोन्या फ्लोरीही ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग तो तशाच बारीक आवाजात म्हणाला, "मारतात हो बाई. सगळे मारतात." आणि फोन तसाच समोर धरून राहिला.

"दे इकडे, एवेलिओ," दोन्या फ्लोरी म्हणाली आणि तिने फोन घेतला.

तिचं बोलायचं काय ठरलं होतं कोण जाणे. पण काल आणि आज पोटातून बोलून बोलून तिचा घसा बसला होता. त्यामुळे "हॅलो" निघालं ते जाडच.

"एवेलिओ! पोरा!" आई किंचाळली. "आलास का? बरा आहेस ना?"

दोन्या फ्लोरीने जावयाकडे पाहिलं. त्याने हताशपणे मान हलवली, ती होकाराला की नकाराला ते त्यालाच माहीत नव्हतं.

"हो आई," ती म्हणाली. "मीच."

"जेवतोस ना?"

"फार जेवतो, आई."

"सासूशी नीट वागतोस ना?"

"ती बाई देवमाणूस आहे, आई," दोन्या फ्लोरी शांतपणे म्हणाली. "मीच कधी कधी ऐकत नाही तिचं."

"ऐकत जा रे, पोरा." आई जरा थांबली. तिकडे कुणीतरी फोन परत मागत असावं, पण तिला अजून एक सांगायचं होतं. "आणि एक सांगू? इतकी वर्षं तुझा आवाज कसा बारीक, भेदरल्यासारखा यायचा. मला वाटायचं, परक्या मुलखात पोर घाबरून राहतंय. आज पहिल्यांदा पुरुषासारखा बोललास!"